सर्वांत लांबची तार

भाड्याच्या घराची बोलणी करायला गेलो तेव्हा घरमालकांनी आधी माझा गुडघा तपासला.

"बसा. पाय लोंबकळू द्या. तिकडे पाहा, भिंतीकडे," ते म्हणाले. मी भिंतीकडे पाहिलं. एका लहानशा रबरी हातोडीने त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली टक् केलं. माझा पाय आपोआप उडाला.

"चालेल," ते म्हणाले आणि बायकोकडे वळले. "सूनबाई, तुम्ही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय सांगणार? तिनेही पाय लोंबकळवला. तिचा पाय असा उडाला, की हातोडी त्यांच्या हातातून सुटून कपाटाखाली गेली. हातोडी काढायला मी जमिनीवर आडवा झालो, तेवढ्यात त्यांनी निकाल दिला. "घर सूनबाईंच्या नावानं देतो. तुमचा पाय जरा सरकारी आहे."

त्रिमूर्तीनगरातलं ते घर आम्हाला अशा रीतीने मिळालं. खाली ते एकटे, वर आम्ही दोघं. मी वीज वितरणच्या खापरखेडा कार्यालयात हिशेब पाहतो. माणसाने बोलण्याआधी आकडे जुळवून घ्यावेत असं मानणारा मी माणूस. गुडघा पाहून भाडेकरू ठेवणारा मालक माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. पण घर हवेशीर होतं आणि नळाला पाणी होतं.

ते प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. त्यांचा खास विषय प्राण्यांची चेतासंस्था. कोणत्या प्राण्याला किती मेंदू, तो कुठे, आणि त्याच्यावाचून त्याचं किती अडतं, हे त्यांना विचारायची गरज नसे. ते आपण होऊन सांगत. बोलणं कामठीचं. वडील तिथे मागावर लुगडी विणायचे. वर्गात सर शुद्ध बोलत असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. आम्ही जे ऐकलं ते घरचं.

माणसांची वर्गवारी ते प्राण्यांवरून करत. जात, गाव, पगार काही नाही. गल्लीतल्या रहिवासी मंडळाला ते हायड्रा म्हणायचे. "हायड्राले मेंदू नसते गा. अंगभर नुसतं जाळं. कुठंही टोचा, सारं अंग आकसते. पाहा ना, एकाच्या दारासमोर कचरा पडला, की दहा घरं भांडून राहिली." स्वतःच्या एका मेहुण्याला झुरळ म्हणायचे. आम्हाला वाटलं रागाने म्हणतात. तर तसं नव्हतं. "झुरळाचं डोकं काढलं तरी ते काही दिवस चालते-फिरते. प्रत्येक पेरात त्याची थोडी थोडी अक्कल ठेवलेली असते. आमचा मेहुणा तसाच. डोकं वापरत नाही, पण दुकान व्यवस्थित चालून राहिलं."

झुरळाबद्दल तर त्यांना आदरच होता. एकदा बायको स्वयंपाकघरात चप्पल घेऊन एका झुरळामागे धावत होती. सर कोथिंबीर मागायला वर आले होते. दारातच थांबून म्हणाले, "असं नाही वं सूनबाई. त्याच्या बुडाशी दोन केसाळ काटे आहेत. तुमच्या चपलेचा वारा त्यायले आधी लागते. डोक्याले समजायच्या आत पाय पळत सुटतात. चप्पल एकदम हळू न्या."

बायकोने चप्पल हळू नेली. झुरळ शांतपणे ओट्यामागे गेलं.

"मेलं का?" सरांनी विचारलं.

"तुमची शिकवणी लागली त्याले," ती म्हणाली. सर कोथिंबीर घेऊन हसत हसत जिना उतरले.

त्यांच्याकडे हातोडीखेरीज एक नादकाटा होता. प्रयोगशाळेत असतो तसा, दोन पात्यांचा, आपटला की गुणगुणणारा. दिवाळीच्या फराळाला कोणी आलं, की चकली हातात द्यायच्या आधी ते नादकाट्याची दांडी त्याच्या मनगटाच्या हाडावर टेकवत. "डोळे मिटा. थरथर कळते का? थांबली की सांगा." पाहुणे सांगत. मग चकली मिळे. त्यात त्यांचा एक नियम होता. तपासणारा हात नेहमी दुसऱ्याचा हवा आणि डोळे मिटलेले हवेत. "माणसानं स्वतःवर केलेला प्रयोग मी ग्राह्य धरत नाही," ते सांगायचे. "मेंदू लई लबाड असते. काय घडणार हे माहीत असलं, की तसंच घडलं म्हणून सांगते."

प्रतिक्षिप्त क्रिया हा त्यांचा आवडता धडा. मे महिन्यातली नागपूरची गच्ची हे त्यासाठीचं साधन. "अनवाणी गच्चीवर पाय ठेवला. चटका बसला. आता पाय कोण उचलते? तू? नाही गा. बातमी पायातून निघते, पाठीच्या कण्यापर्यंत जाते, तिथल्या तिथं निकाल लागते. पाय वर. मेंदूले बातमी मागून पोचते. मग तो ओरडते, मेलो रे बाप्पा! तोवर काम झालेलं असते."

यानंतर त्यांच्या सिद्धांताचा दुसरा भाग येई आणि तिथे त्यांचा आवाज बदले. मेंदू वरून हुकूम पाठवून हा निकाल रोखूही शकतो. पंगतीत कढीचं तापलेलं भांडं हातात आहे, पुढे माणसं बसली आहेत, तर आपण भांडं सोडत नाही. बोटं भाजतात, तरी जपून खाली ठेवतो. "हा माणसाचा मोठेपणा. आणि तो सरावानं वाढते," असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी तो सराव सुरू केला होता. उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवायला जात तेव्हा चप्पल काढून ते तापलेल्या फरशीवर उभे राहत आणि डोक्यातून निघणाऱ्या चेतांची नावं क्रमाने म्हणत. बेडकाच्या दहा जोड्या, माणसाच्या बारा. आम्ही राहायला आलो त्या उन्हाळ्यात त्यांची मजल बेडकाच्या पाचव्या जोडीपर्यंत होती. पुढे सहावीवर "हाय हाय" करत ते सावलीत उडी मारत. मी टाकी पाहायला वर गेलेला असलो, की म्हणत, "आज जास्त तापलं गा. बेडूकही पुरा झाला नाही."

पुढच्या उन्हाळ्यात बेडूक पुरा झाला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माणूस. त्यांना फार आनंद झाला होता. त्या दिवशी त्यांनी संत्रा बर्फी आणली. आम्हाला दिली आणि स्वतःही खाल्ली. बायको म्हणाली, "सर, तुम्हाले शुगर आहे ना?" तर म्हणाले, "ती काबूत आहे. मेंदूच्या."

या काळात त्यांची आणखी एक गंमत सुरू झाली होती. जिन्यावर त्यांची एक चप्पल पडलेली असायची. जोड नाही, एकच. सर वर आमच्याकडे यायचे, गप्पा मारायचे, आणि पाहावं तर एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. चप्पल मागे जिन्यावर. बायको ती उचलून त्यांच्या दाराशी ठेवी. गल्लीत हा विनोदच झाला होता. दूधवाला विचारायचा, "प्रोफेसर साहब की दूसरी मिली क्या?" विद्वान माणूस विसराळू असायचाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. सर स्वतःही हसत. म्हणत, "गोमेले विचारा, तिले किती हिशेब ठेवावा लागत असेल."

तो मे महिन्यातला रविवार होता. दुपारचं जेवण झालं होतं. बायकोने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या उलटायला तिने मला वर पाठवलं. माझ्या पायात चप्पल होती, तरी तळव्याला ऊन लागत होतं. सर पक्ष्यांच्या पाण्याच्या मातीच्या परळाजवळ उभे होते. अनवाणी, अगदी स्थिर. ओठ हलत होते. मी कुरडयांची एक रांग उलटून झाल्यावर त्यांचा आवाज आला, "दुसरं आवर्तन, गा! माणूस दोनदा!"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. अंगावर घाम होता, तो उन्हाचा. पण चेहऱ्यावर काही नव्हतं. दात आवळलेले नव्हते. पायाची बोटं आकसलेली नव्हती. माणूस जोर लावून काही सोसत असेल तर कुठेतरी ते दिसतं. कढीचं भांडं धरणाऱ्याचं तोंड पाहिलंय मी.

"सर, चटका लागत नाही?"

"लागते ना. पण हुकूम आहे, थांब म्हणून."

"काल ढग होते. काल किती झालं?"

"कालही दोनदा."

मला ते खटकलं. आमच्याकडे एखाद्या मीटरचा आकडा भर उन्हाळ्यात आणि ढगाळ दिवशी सारखाच आला, तर आम्ही त्या ग्राहकाचं कौतुक करत नाही. मीटर बंद पडलाय का ते आधी बघतो.

सर सावलीकडे निघाले. जिथे ते उभे होते तिथे डाव्या पावलाचा एक ओला ठसा राहिला.

"सर, पाय भाजला तुमचा."

"पाणी सांडलं असेल गा परळातलं."

पाणी त्या फरशीवर सांडलं असतं तर बघता बघता वाळलं असतं. हा ठसा वाळत होता, पण चिकट डाग मागे ठेवून. मी त्यांना चपला घालायला लावल्या आणि हात धरून खाली आणलं. जिन्यात उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली. सर तीन पायऱ्या तसेच उतरले. बायको आमच्या दारात उभी होती. तिने चप्पल उचलली, सरांकडे पाहिलं, आणि आजवर आमच्यापैकी कोणीच न विचारलेलं विचारलं.

"चप्पल घालायची विसरते माणूस. पण पायातून निघून गेलेली समजत कशी नाही?"

सर हसले. "अहो, डोक्यात दुसरं काही असते."

"डोक्याचं नाही विचारलं मी. पायाचं विचारलं."

सरांना खाली त्यांच्या घरात खुर्चीत बसवून मी डावा तळवा पाहिला. टाचेखालची कातडी फुगून फुटली होती. त्याहून वाईट म्हणजे करंगळीच्या बेचक्यात एक जुनी जखम होती, कडेने काळपट झालेली. त्यात बाभळीचा काटा होता. काटा ताजा नव्हता. मी सांगितलं, तर सर म्हणाले, "असेल. दुखत नाही ना पण."

वादात त्यांना हरवणं मला शक्य नव्हतं. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी एक प्राणी होता. आत्ताच दवाखान्यात चला म्हटलं, तर ते उद्यावर टाकतील आणि उद्या पुन्हा पाणी ठेवायला वर जातील, हे मला दिसत होतं. म्हणून त्यांचाच नियम त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, गच्चीवरचा प्रयोग तुम्ही कुणावर केला?"

"माझ्यावर."

"करणारं कोण?"

"मीच." मग हळूच म्हणाले, "म्हणजे ग्राह्य नाही."

"नाही."

थोडा वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. परीक्षेला बसवल्यावर विद्यार्थी पाहतो तसे. मग म्हणाले, "नादकाटा टेबलाच्या खणात आहे. आण."

त्यांनी डोळे मिटले. मी नादकाटा तळहाताच्या कडेवर आपटला, जसा ते आपटत, आणि दांडी त्यांच्या मनगटावर टेकवली.

"हं," ते म्हणाले. "चांगली थरथर आहे. आता कमी झाली. थांबली." अगदी बरोबर.

मग गुडघा. "आहे. बारीक आहे. गेली." नादकाटा माझ्या बोटांत अजून गुणगुणत होता.

पुन्हा आपटून मी दांडी डाव्या घोट्याच्या हाडावर टेकवली. पंख्याचा आवाज येत होता. बायको दाराला टेकून उभी होती, तिच्या हातात चप्पल तशीच होती. सर डोळे मिटून वाट पाहत होते. चेहरा अगदी उत्सुक.

"लाव ना गा," ते म्हणाले.

"लावलाय, सर."

त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. नादकाट्याची पाती थरथरत होती, कडा धूसर दिसत होत्या इतक्या. ते बघत राहिले. थरथर संपेपर्यंत बघत राहिले. मग उजवा पाय पुढे केला. "यावर." तिथेही तेच झालं.

मला वाटलं होतं ते चिडतील, नाही तर नादकाट्याला दोष देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. नादकाटा हातात घेऊन पुसला आणि आम्हा दोघांना समोर बसवून धडा दिला. त्यांना तोच एक मार्ग माहीत होता.

"पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंत एकच पेशी असते. एकच. एवढी लांब. शरीरातली सर्वांत लांब तार ती. तिचं पोषण वरून होते. साखर वाढली, की तार मरायले लागते, आणि सर्वांत लांबची आधी मरते, तीही टोकाकडून. पायाची बोटं, मग तळवा, मग घोटा. वर वर सरकत." ते थांबले. "हे मी दर वर्षी शिकवलं आहे. फळ्यावर पाय काढून."

मी म्हणालो, "आमच्याकडेही असंच. लाइनीच्या शेवटच्या खांबाला आधी दिवा मंद होतो."

"बरोबर. तुले समजलं." त्यांनी नादकाटा टेबलावर ठेवला. "माझ्या बापाच्या बोटाले तुटला धागा डोळ्याच्या आधी कळे. अंधुक उजेडात माग थांबवायचा अन् बरोबर तिथं बोट ठेवायचा. अन् मी इथं दोन वर्षं मेलेल्या तारांवर उभा राहून स्वतःले शाबासकी देत होतो. म्हटलं संयम वाढून राहिला."

बायको पुढे आली. तिने हातातली चप्पल खाली ठेवली आणि म्हणाली, "ऑटो बोलावू का आता?"

"बोलव वं," सर म्हणाले.

सदर भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काटा काढला, जखम उघडी केली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, की पाय राहील का ते आत्ता सांगता येणार नाही. काळेपणा वर चढला तर पाय घोट्यातून काढावा लागेल. ते दिवस वाईट गेले. सर खाटेवर पडून दर ड्रेसिंगच्या वेळी विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" स्वतःच्या पायाची बातमी त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती. मी करंगळीपासून घोट्यापर्यंतचं अंतर रोज डोळ्यांनी मोजायचो आणि खरं तेच सांगायचो. चढलं असेल तर चढलं. त्यांना खोटा दिलासा दिला असता तर त्यांनी माझा गुडघा पुन्हा तपासला असता.

शेवटी काळेपणा थांबला. डाव्या पायाची करंगळी गेली, पाय राहिला. ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांकडे अर्ज केला, की काढलेलं बोट मला द्या, मी त्यातल्या चेता सोडवून पाहतो. डॉक्टर म्हणाले तसं देता येत नाही. "माझंच आहे ना पण," सर म्हणत राहिले. त्याचा राग त्यांना बोट गेल्यापेक्षा जास्त दिवस राहिला.

घरी आल्यावर सर बदलले, पण सरांच्याच पद्धतीने. गच्चीवर पक्ष्यांना पाणी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ते घरातसुद्धा बूट घालू लागले, नाडीचे. घालण्याआधी प्रत्येक बूट उलटा करून तीनदा आपटत, आत हात घालून चाचपत. आंघोळीचं पाणी काढलं, की जिन्यातून हाक येई, "सूनबाई, बोट घाला!" बायको खाली जाऊन बादलीत कोपर बुडवे आणि सांगे, "थंड घाला अजून दोन तांबे." संध्याकाळी मी कामावरून आलो, की ते स्टुलावर दोन्ही पाय ठेवून तयार असत. मी चष्मा लावून तळवे पाहायचो, बोटांच्या बेचक्या पाहायचो. काही नसलं की म्हणायचो, "निरंक." तो शब्द त्यांना आवडला होता.

गल्लीतल्या कोणी विचारलं, हे काय चाललंय, तर ते सांगत, "मी आता ऑक्टोपस झालो. त्याची अर्ध्याहून जास्त अक्कल त्याच्या भुजांत असते, डोक्यात थोडीच. माझ्या पायांची अक्कल वरच्या मजल्यावर राहून राहिली." एकदा बायको हसत म्हणाली, "मग भाडं कमी करा सर." ते म्हणाले, "ऑक्टोपस भाडं घेते हेच जास्त झालं."

आम्ही बेसा रोडला स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्यांनी आम्हाला अडवलं नाही. निघताना नादकाटा माझ्या हातात दिला. हातोडी ठेवून घेतली, नव्या भाडेकरूंसाठी. नवे भाडेकरू एक नवराबायको, दोघंही शाळेत शिक्षक. त्यांना रोजचं काम समजावून द्यायला मी स्वतः गेलो होतो. त्यांना आधी ती थट्टा वाटली. मी सरांच्या पायाची करंगळी नसलेली जागा दाखवली, मग नाही वाटली.

सर मागच्या हिवाळ्यात गेले. हृदयाने गेले, झोपेत. पायांना नऊ बोटं होती आणि दोन्ही पाय होते. शेवटपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत होते.

परवा बायकोने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. वाऱ्याने चादर उडायला लागली तशी खालून ओरडली, "अहो, धावा!" मी होतो तसा, अनवाणी, वर धावलो. गच्चीच्या दारातून दोन पावलं पुढे गेलो आणि उजवा पाय असा उचलला गेला, की मी एका पायावर नाचत टाकीच्या सावलीत जाऊन आदळलो. तळवा भाजत होता. मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो आणि मला हसू यायला लागलं.

बायको जिना चढून आली. आधी तिने चादर दाबली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काहून हसून राहिले?"

"बातमी पोचली," मी म्हणालो.

तिला लगेच कळलं. ती माझ्याशेजारी सावलीत बसली, माझा पाय मांडीवर घेतला, आणि सर स्टुलावर ठेवायचे तेव्हा आम्ही पाहायचो, तसा तळवा नीट पाहिला.

"निरंक," ती म्हणाली.